अकरा नंबरकडे बॉलच येत नाही, तेव्हा

प्रश्न: नमस्कार सर. मी लालबागला राहतो, वय 20, टीवायबीकॉमला आहे. शाळेपासून मंडळाकडून कबड्डी खेळलो. कॉलेजात 100 मीटर 11.2 सेकंदांत धावायचो, ते बघून दोन वर्षांपूर्वी रग्बीत ओढलं गेलो. आता क्लबच्या पहिल्या संघात डाव्या विंगला, म्हणजे डाव्या टोकाला, 11 नंबरवर खेळतो. वजन 71 किलो. गेल्या मोसमात सहा सामन्यांत तीन ट्राय केले (बॉल विरोधकांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला), पण एका सामन्यात जेमतेम पाच वेळा बॉल हाताला लागतो. कोच म्हणतात, "पोझिशन चुकते." काय चुकतं ते मला दिसत नाही. दोनदा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेलं. ट्रायची रील बनवून परदेशातल्या क्लबना पाठवली, एकाचंही उत्तर नाही. एक एजंट 85 हजारांत ट्रायल आणि प्रो कॉन्ट्रॅक्ट मिळवून देतो म्हणतोय, महिनाअखेरपर्यंत पैसे भरायचेत. बाबा म्हणतात, हौस पुरे झाली, नोकरी बघ. काय करू?
(एक वाचक, लालबाग)

उत्तर: सगळ्यात घाईची गोष्ट 85 हजारांची, म्हणून ती आधी. ते भरू नकोस. खरा एजंट खेळाडूकडून आगाऊ पैसे मागत नाही, करार झाला की त्याच्या रकमेतून त्याचा टक्का निघतो. शिवाय दुसऱ्या देशातल्या क्लबकडून खेळायचं तर आपल्या राष्ट्रीय संघटनेचं, म्हणजे तुझ्या बाबतीत रग्बी इंडियाचं, क्लिअरन्स लागतं. हा वर्ल्ड रग्बीचा, म्हणजे जागतिक संघटनेचाच, नियम आहे. त्या माणसाला तीन गोष्टी लेखी विचार: क्लबच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं पत्र कुठे आहे, व्हिसा कोणत्या प्रकारचा, आणि क्लिअरन्स कोण काढणार. "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं तिथे बघू" असं उत्तर आलं, तर तिथेच विषय संपव. परदेशातले छोटे हौशी क्लब राहायची सोय करतात, कुठे काम लावून देतात. ते वाईट नाही, पण त्याला प्रो कॉन्ट्रॅक्ट म्हणत नाहीत.

आता खेळाकडे येऊ, कारण तुझ्या पत्रातल्या बाकी सगळ्या अडचणींचं मूळ तिथे आहे.

पाच वेळा बॉल आला, दर वेळी तो चार-पाच सेकंद हातात राहिला, तर 80 मिनिटांच्या सामन्यात सगळं मिळून अर्धा मिनिटसुद्धा होत नाही. कोच तुझी निवड करतात किंवा तुला वगळतात ते उरलेल्या साडेएकोणऐंशी मिनिटांवर. हे फक्त तुझ्याच वाट्याला आलंय असं समजू नकोस. जोनाह लोमू 1994 मध्ये फ्रान्सविरुद्ध पहिली कसोटी खेळला तेव्हा तो 19 वर्षं 45 दिवसांचा होता, न्यूझीलंडचा सगळ्यात तरुण कसोटीपटू. आधी फॉरवर्डमध्ये, म्हणजे पुढच्या आठ जणांत, खेळलेला मुलगा विंगला उभा केला होता आणि फ्रेंचांनी नेमकं त्याच्या उभं राहण्यातलं कच्चेपण हेरलं. न्यूझीलंड त्या मालिकेतल्या दोन्ही कसोट्या हरलं. त्याची ताकद आणि वेग तेव्हाही तेवढाच होता. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने इंग्लंडवर चार ट्राय केले, ते सगळ्यांच्या लक्षात आहेत. आधीच्या वर्षीच्या त्या दोन पराभवांतून नव्या विंगरने शिकायला हवं.

तर "पोझिशन चुकते" म्हणजे काय? विरोधी संघाकडे बॉल आहे, रक (खाली पडलेल्या बॉलवरची झुंज) मैदानाच्या मधोमध, त्यांच्याच अर्ध्यात. तू बहुतेक बचावाच्या रांगेत, टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, चिकटून उभा असतोस, कारण कबड्डीत कोपऱ्याचा खेळाडू कोपऱ्यात उभा राहतो. रग्बीत त्या क्षणी तुझी जागा रांगेच्या 15 ते 20 मीटर मागे आणि टचलाइनपासून दहा-एक मीटर आत असते. याचं कारण 50:22 चा नियम. आपल्या अर्ध्यातून मारलेली किक मैदानात टप्पा घेऊन विरोधकांच्या गोलरेषेजवळच्या 22 मीटरच्या पट्ट्यात बाहेर गेली, तर लाइनआउटचा (बाहेर गेलेला बॉल आत फेकण्याचा) थ्रो किक मारणाऱ्या संघालाच मिळतो. पूर्वी अशी किक बाहेर गेली की थ्रो तुमचा असायचा. आता ती बाहेर जाऊ दिली की मैदानाचा मोठा पट्टा आणि बॉल दोन्ही गमावले. बॉल आत पडून बाहेर घरंगळतो, म्हणून त्याची वाट अडवायला आतल्या बाजूलाच उभं राहावं लागतं. रेषेवर उभा राहिलास तर तो तुझ्या पुढ्यातून निघून जातो.

मागचे तिघे, दोन विंगर आणि फुलबॅक (15 नंबर, सगळ्यात मागचा), घड्याळाच्या लंबकासारखे हलतात. बॉल उजवीकडे गेला की 14 नंबर (उजवा विंगर) वर रांगेत जातो, फुलबॅक त्याच्या मागची जागा भरतो आणि तू डावीकडून सरकत मागे मधोमध येतोस. बॉल तुझ्या बाजूला वळला की हेच उलट: तू वर, फुलबॅक तुझ्या मागे, 14 नंबर मध्यावर. सगळी मेख वर जाण्याच्या वेळेत आहे. त्यांच्या 10 नंबरच्या (चाल ठरवणाऱ्या फ्लाय-हाफच्या) हातून पास सुटून बॉल हवेत असतो, निघायची वेळ ती. बाहेरच्या सेंटरने (13 नंबरने) तो झेलल्यावर निघालास तर तू अर्ध्या वाटेवर सापडतोस: मागे किकला जागा मोकळी, पुढे पळायलाही जागा मोकळी. कोचना दिसतं ते बहुधा हेच.

नजर कुठे ठेवायची? बॉलवर खिळवू नकोस. 10 नंबरचे हात बघ. बॉल दोन्ही हातांत आडवा, कमरेजवळ असेल तर पास येतोय. बॉल उभा धरला, नजर एकदा कोपऱ्याकडे गेली, पावलं आखडली, की किक येतेय. तेवढ्या इशाऱ्यावर मागे दोन पावलं टाकलीस तरी पुरतं.

समोर ते दोघे आणि तू एकटा, अशी वेळ प्रत्येक सामन्यात येते. नवा विंगर घाबरून आतल्या माणसावर झेपावतो, बॉल बाहेर जातो आणि बाहेरचा मोकळा पळतो. आतल्या माणसावर जायचं ते एकाच अटीवर: बॉल आणि तू एकाच वेळी त्याच्यापर्यंत पोचणार असशील तर. एरवी मागे मागे सरत राहा, शरीर थोडं टचलाइनकडे तिरकं ठेव आणि त्यांना पास द्यायचा की नाही या घोळात ठेव. दीड-दोन सेकंद काढलेस की आतून मदत येते. बाहेरच्याकडे बॉल गेलाच, तर टचलाइन तुझ्या बाजूने खेळते. इथे तुझी कबड्डी उपयोगी आहे. चढाईपटूला डॅश मारून मैदानाबाहेर काढायचास ना? हात त्याच्याभोवती गुंडाळून तेच इथे करायचं. नुसता खांदा मारलास तर पेनल्टी.

कबड्डीच्या तीन सवयी मात्र मोडाव्या लागतील. पहिली, पकड सोडायची नाही ही. तिथे शिट्टी वाजेपर्यंत घट्ट धरतात. इथे गडी जमिनीवर आला की त्याला तत्काळ सोडायचं, बाजूला व्हायचं, पायांवर उभं राहायचं आणि मगच बॉलला हात लावायचा. चढाईपटूला धरून ठेवणारा हात इथे दर सामन्याला दोन-तीन पेनल्टी देतो. दुसरी सवय डोक्याची. घोटा पकडीला कबड्डीत डोकं कुठल्याही बाजूला गेलं तरी चालून जातं, पण 90 किलोचा गडी पूर्ण वेगात असताना डोकं त्याच्या पुढच्या बाजूला गेलं तर त्याचा गुडघा किंवा नितंब थेट कानशिलावर बसतो. डोकं नेहमी त्याच्या मागच्या बाजूला, तुझा गाल त्याच्या ढुंगणाला चिकटलेला, खांदा मांडीवर. तिसरी सवय वाट बघण्याची: कबड्डीत चढाईपटू तुझ्याकडे येतो, इथे शेवटचा मीटर तुला पावलं बारीक करून स्वतः कापायचा असतो, नाहीतर तो बगल देतो.

उंच बॉल. विंगरच्या कामात याचं वजन अलीकडे फार वाढलंय. 2024 च्या अखेरीपासून, झेलणाऱ्याच्या पुढे आडवं पळून पाठलाग करणाऱ्यांची वाट अडवणाऱ्या खेळाडूंवर पंच कडक झाले. त्यामुळे आता झेलणाऱ्याला खरोखरच अंगावर येणाऱ्या माणसाशी हवेत भिडावं लागतं, आणि संघ मुद्दाम विंगरच्या डोक्यावर किक टाकतात. 22 च्या आत थेट झेललास तर "मार्क" ओरडायला विसरू नकोस, फ्री किक मिळते. झेलण्याचा क्रम असा. आधी मोठ्याने "माझा!", म्हणजे फुलबॅकशी टक्कर होत नाही. बॉलच्या अंदाजे जागेच्या दोन-तीन मीटर मागे थांब, पुढे येत झेल. मागे मागे जात झेललेला बॉल निम्म्या वेळा निसटतो. एका पायावर उडी, दुसरा गुडघा वर. त्याने उंचीही मिळते आणि छातीही राखली जाते. हवेत खांदा किंचित विरोधकाकडे वळव, म्हणजे बॉल सुटला तरी मागे पडतो आणि नॉक-ऑन (बॉल पुढे सुटण्याची चूक) होत नाही. हात डोळ्यांच्या वर, कोपरं जवळ, आणि झेलताच बॉल छातीशी.

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी 30 बॉल: दहा उभ्याने, दहा उडी मारून, दहा पॅड घेतलेला मित्र तू जमिनीवर येताच धडकणार. मुंबईत रग्बी पावसाळ्यात जास्त खेळली जाते, म्हणून शेवटच्या दहांसाठी बॉल बादलीत बुडवून घे. समुद्राकडून वारा असेल तर किक हवेत वळते. सरावाच्या पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीन किक नुसत्या पडू दे आणि किती वळतात ते बघ.

हेच उलट, तुमचा संघ किक मारतो तेव्हा. चांगली उंच किक साधारण चार सेकंद हवेत असते. तू थांबलेल्या स्थितीतून चार सेकंदांत जवळपास 30 मीटर जातोस. म्हणजे तुझ्या पायांना साजेशी किक 30 मीटरची आहे, हे तुमच्या 10 नंबरला आणि स्क्रम-हाफला (9 नंबरला) सांगून ठेव. 45 मीटरची किक मारून तुला पाठवलं तर तू फक्त दमशील. किक मारणाऱ्याच्या मागून निघ, नाहीतर ऑफसाइड. आणि बॉल आपल्याला मिळणार नाही असं दिसलं की उडी मारू नकोस. थांब, त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागू दे, मग टॅकल कर. हवेतल्या माणसाला धक्का लागून तो मान किंवा डोक्यावर पडला तर लाल कार्ड ठरलेलं.

बॉल जास्त कसा मिळेल, याचं उत्तर छोटं आहे. तो आणायला जा. उजवीकडे खेळ चालू असताना तुझी बाजू बंद असते. अशा वेळी 10 नंबरच्या आतल्या खांद्याजवळ ये आणि पास माग. आपल्या जागेवर असताना आठ-दहा मीटर खोल उभा राहा, म्हणजे बॉल पळता पळता हातात येईल. आणि ओरड. समोर जागा आहे की नाही हे सगळ्यात आधी विंगरला दिसतं, आणि गप्प विंगरकडे कोणी पास टाकत नाही. बॉल टचलाइनच्या बाजूच्या हातात धर, तुला डाव्या. आतला हात गडी ढकलायला मोकळा राहतो. कोपऱ्यात झेपावताना झेंड्याच्या खांबाला घाबरू नकोस, त्याला अंग लागलं म्हणून तू बाहेर होत नाहीस. बाहेर होतोस ते रेषेला किंवा पलीकडच्या जमिनीला अंग टेकलं तर. म्हणून पाय हवेत उचललेले ठेव.

आता हॅमस्ट्रिंग. धावपटू रग्बीत आला की ते बहुधा एकाच पद्धतीने जातं: तीन आठवडे परीक्षा किंवा मुसळधार पाऊस, पूर्ण वेगात एकदाही पळणं नाही, आणि मग सामन्यात 70 व्या मिनिटाला मागे वळून 40 मीटर धाव. त्या स्नायूला पूर्ण वेगाची सवय सुटलेली असते. उपाय विश्रांती नाही, सवय आहे. आठवड्यातून दोनदा, अंग नीट तापवून, 20 मीटर वेग वाढवत नेणं आणि पुढचे 20 ते 30 मीटर पूर्ण ताकदीने. चार ते सहा फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं चालणं. प्रियदर्शिनी पार्कचा सिंथेटिक ट्रॅक यासाठी उत्तम, रस्त्यावर हे करू नकोस. सोबत नॉर्डिक: गुडघ्यांवर बसायचं, मित्राने घोटे दाबून धरायचे, कमरेत न वाकता जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. आठवड्यातून दोनदा, पाचाचे दोन सेट, महिन्याभराने तीन. सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत नको, पाय जड होतात. दुखापतीनंतर "आता चालताना दुखत नाही" एवढ्यावर परत येऊ नकोस. सरावात नेहमीच्या सर्वोच्च वेगाच्या 90 टक्क्यांपुढे दोन वेगवेगळ्या दिवशी बिनदुखीचा पळ झाला, की मग सामना.

ट्रॅकवरची सुरुवात ब्लॉकमधून असते. रग्बीतली सुरुवात जॉगिंगमधून, पाठमोऱ्या स्थितीतून, जमिनीवरून उठून. निम्म्या स्प्रिंट अशा सुरू कर, आणि बॉल हातात घेऊनच.

वजनाची घाई नको. दक्षिण आफ्रिकेचा विंगर चेस्लिन कोल्बे पावणेसहा फुटांहून कमी उंचीचा आहे. 2017 मध्ये तो फ्रान्सच्या तुलूझ क्लबकडे गेला, 2018 मध्ये देशासाठी पहिली कसोटी खेळला आणि 2019 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने ट्राय केला. वर्षभरात तीन-चार किलो वाढलं आणि 30 मीटरची वेळ तीच राहिली, तर ते योग्य वजन. वेळ वाढली तर थांब. प्रोटीन रोज किलोमागे 1.6 ग्रॅम धर, म्हणजे तुला साधारण 115 ग्रॅम. चार अंडी 24, अर्धा लिटर दूध 16, शंभर ग्रॅम फुटाणे 20, शंभर ग्रॅम शिजलेलं चिकन 30 च्या आसपास. बाकी घरच्या आमटी-उसळी आणि चपातीतून सहज निघतं. जिमवाल्याकडच्या डब्याला हात लावण्याआधी दोनदा विचार कर. डब्यावर न छापलेला पदार्थ लघवीत सापडला तरी जबाबदारी खेळाडूची, आणि बंदी चार वर्षांपर्यंत असू शकते.

माउथगार्ड दंतवैद्याकडून दातांच्या मापाने करून घे. डोक्याला मार लागून क्षणभर जरी गोंधळल्यासारखं झालं, तरी त्या दिवशी खेळ बंद. तुमच्या पातळीवर पुन्हा सामना 21 दिवसांच्या आत नाही, आणि तोही डॉक्टरांनी पाहिल्यावर. हे कोचपासून लपवू नकोस.

आणखी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. 23 जणांच्या चमूत आठ राखीव असतात, त्यात बॅक (मागच्या फळीतले) फक्त तीन, कधी दोनच. एक जागा स्क्रम-हाफची, बहुतेक वेळा एक 10 नंबरची. म्हणून फक्त विंगला खेळणारा बेंचवरही बसत नाही. या मोसमात सरावात फुलबॅकला उभा राहायला माग, डाव्या पायाची किक 30 मीटर जाईल एवढी तयार कर. निवड करणाऱ्यासाठी तू एकाचा दोन होतोस.

बाबांचं म्हणणं झिडकारू नकोस, ते चुकत नाहीत. भारतात पंधरा जणांच्या रग्बीची व्यावसायिक लीग नाही. 2025 च्या जूनमध्ये आपल्या अंधेरीतल्या शहाजी राजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला मोसम झाला, सहा संघांचा, पण तो सेव्हन्सचा, म्हणजे सात जणांच्या रग्बीचा. म्हणजे तुझ्यासाठी पैशाची जवळची वाट क्लब, राज्य संघ, राष्ट्रीय शिबिर आणि तिथून सेव्हन्स अशी आहे. सेव्हन्समध्ये मोकळ्या मैदानावर एकट्याने टॅकल आणि दोन्ही हातांनी पास यावा लागतो, त्याची तयारी आत्तापासून कर. इंग्लंडमध्येही भरवसा नसतो: 2022-23 च्या एका मोसमात वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे वरच्या लीगचे तीन क्लब आर्थिकदृष्ट्या कोसळले आणि करार हातात असलेले खेळाडू रस्त्यावर आले. इंग्लंडचा विंगर इमॅन्युएल फेयी-वाबोसो 2024 मध्ये देशाकडून पहिला सामना खेळला तेव्हा तो वैद्यकीचा विद्यार्थी होता. तू निदान बीकॉम पुरं कर. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं मूळ प्रतीत जपून ठेव. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेतली कोणती कामगिरी धरतात ते शासन निर्णयात बघ, आणि क्रीडा विभागाकडून पडताळणी वेळेत करून घे. हा कागद बाबांना दाखव, चर्चेचा सूर बदलेल.

कधी खरोखर करार आला, तर पगाराच्या आकड्याआधी तीन कलमं वाच: गुडघ्याची शस्त्रक्रिया लागली तर खर्च कोणाचा, जायबंदी असताना पगार किती महिने चालू, आणि क्लब करार मध्येच कोणत्या कारणाने मोडू शकतो. ही कलमं नसली तर सही करू नकोस.

रीलचं. ट्राय सगळेच पाठवतात, आणि ट्रायमध्ये बघणाऱ्याला फक्त वेग दिसतो. पुढच्या तीन सामन्यांत मित्राला उंचावर बसव, मोबाइल आडवा, स्टँडवर, आणि त्याला बजाव की कॅमेरा बॉलमागे फिरवायचा नाही. मागचे तिघे कायम चौकटीत हवेत. 80 मिनिटं न कापता. घरी बघताना कागदावर चार रकाने कर: लंबकात वेळेवर वर गेलो की उशिरा, किकच्या वेळी कुठे होतो, किती उंच बॉल आले आणि किती धरले, किती किकच्या पाठलागात वेळेवर पोचलो. पहिला कागद घेऊन कोचकडे जा आणि त्यांच्यासोबत पहिली वीस मिनिटं बघ. तिसऱ्या सामन्याचा कागद पहिल्यापेक्षा बरा दिसला, तर तो अख्खा सामना क्लबना पाठव, ईमेलमध्ये जर्सी नंबर, उंची, वजन, 30 मीटरची वेळ आणि कोणकोणत्या जागी खेळतोस एवढंच लिहून.